धास्ती किरणांची, गफलत डब्याची

मायक्रोवेव्ह चालू झाला की ‘किरणं लागतात’ म्हणून स्वयंपाकघरातून बाहेर जाणारी माणसं अजूनही घरोघरी सापडतात. तीच माणसं हॉटेलातून आलेलं पनीर मखनी पार्सलच्या काळ्या प्लास्टिक डब्यासकट बिनधास्त आत ठेवतात. भीतीचा पत्ता साफ चुकला आहे.

ओव्हनमधल्या लहरी २४५० मेगाहर्ट्‌झच्या, म्हणजे वायफायच्या शेजारघरच्या. त्या अन्नातलं पाणी तापवतात. अन्न किरणोत्सारी करत नाहीत. लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर आणि दारातल्या जाळीचं भोक मिलिमीटरभर, त्यामुळे ती तिथून निसटत नाही. दार उघडताच लहरी थांबतात. दार वाकलं असेल किंवा नीट लागत नसेल, तेव्हा मात्र ओव्हन वापरू नये.

खरी काळजी करायची ती साध्या गोष्टींची. तेलाचा तवंग असलेली भाजी पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडे तापते आणि पातळ डबा मऊ पडतो. त्यातून आपल्याकडचे बरेच ओव्हन कन्व्हेक्शनचे, म्हणजे गरम हवेने भाजणारेही. ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेला प्लास्टिकचा वाडगा कन्व्हेक्शनवर वितळतो. दुकानदार ओव्हनसोबत पाककृतींची पुस्तिका कौतुकाने देतो. कोणत्या बटणाला कोणतं भांडं, हे सांगायला त्याला वेळ नसतो. गुळगुळीत कपात नुसतं पाणी जास्त वेळ ठेवलं तर ते बुडबुडा न येता उकळीच्या पुढे जातं आणि कॉफी पूड टाकताच उसळून हातावर येतं. चहाकॉफीचं पाणी गॅसवरच ठेवावं, हे उत्तम. सालासकट अंडं आणि सोनेरी कडेचे कप यांना तर आत प्रवेशच नको.

शिळ्या भाताचं प्रकरण वेगळं. शिजवूनही बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू तगतात आणि रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात ते वाढून विष तयार करतात. त्यातलं एक विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. भात वाफाळतोय म्हणजे निर्धोक, हा हिशेब म्हणूनच खोटा. उरलेला भात तासाभरात फ्रीजमध्ये गेला पाहिजे. तापवतानाही मध्ये एकदा ढवळावं, कारण कडा पोळत असताना मधला भाग गार राहतो.

आणि प्लग. सहा अँपिअरच्या पॉइंटची ताकद २३० व्होल्टला १३८० वॅट. कन्व्हेक्शनवर ओव्हन याहून कितीतरी जास्त वीज ओढू शकतो. तरी जाडा प्लग अडॅप्टर लावून मिक्सरच्या पॉइंटमध्ये घुसवला जातो. घरात सोळा अँपिअरचा, अर्थिंग असलेला पॉइंट नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. ओव्हन त्यानंतर घ्या.