उपदान की देणे?

शासकीय मराठीत ग्रॅच्युइटीला ‘उपदान’ म्हणतात. या शब्दातल्या ‘दाना’ने मोठा घोटाळा करून ठेवला आहे. नोकरी सोडलेल्या माणसाचा कंपनीशी पैशावरून वाद होतो तेव्हा तो हक्काचे मागत आहे की मेहेरबानी, हा प्रश्न भाषेपासूनच सुरू होतो.

जालना जिल्ह्यात श्रमाच्या हिशेबाच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदतात. येथील गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात. मजूर मुकादमाकडून आधी उचल घेतो, मग राबतो. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते, आणि मुकादम वसुलीला दारात येतो. जालना शहरालगतच्या पोलाद कारखान्यांत क्रम उलटा आहे. कामगार महिनाभर आधी राबतो, पगार नंतर घेतो. म्हणजे दर महिन्याला तोच मालकाला उधार देत असतो. तरीही काम सुटल्यावर खेटे घालतो तो धनकोच. याचे कारण साधे आहे: दोन्ही ठिकाणी वही कामगाराच्या हातात नसते.

रक्कम किती असते? मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये असतील, तर २६ दिवसांच्या हिशेबाने रोज ५०० रुपये. वर्षाला १५ दिवसांचे ७,५००. दहा वर्षांचे ७५,०००. एवढ्या पैशात घराचे छत होते, मुलीचे शिक्षण होते.

कायदा या बाबतीत मुका नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या वा काढून टाकलेल्या कामगाराचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे असते. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारीही मालकावर आहे. ग्रॅच्युइटीसाठी ३० दिवसांची मुदत आहे, आणि केवळ राजीनामा दिला म्हणून ती बुडत नाही. ठेकेदाराने वेतन थकवले तर मूळ कंपनीला ते द्यावे लागते.

मग वाद का उरतो? कारण पैसे हाती पडण्यापूर्वीच ‘माझे काहीही येणे नाही’ अशा कागदावर सही मागितली जाते. सही केली नाही तर अनुभवाचा दाखला अडतो. कायद्याने मालकावर टाकलेला पुराव्याचा भार त्या एका सहीने पुन्हा कामगाराच्या डोक्यावर येतो.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. कोणी सूचना न देता निघून जातो, कोणाकडे आगाऊ रक्कम राहिलेली असते. कायद्यात बसणारी कपात अवश्य व्हावी. पण ती कलमवार लिहून कामगाराच्या हाती द्यावी. न दाखवलेल्या हिशेबावर घेतलेली सही ही संमती नव्हे, नाइलाज आहे.

म्हणून क्रम बदलायला हवा: आधी लेखी हिशेब, मग पैसे, शेवटी सही. आणि कामगाराने हजेरीपत्र, पगारपावती, नेमणुकीचा कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवावा. मुकादमाच्या वहीतली उचल जर देणे ठरते, तर कारखान्याच्या वहीतली दहा वर्षे दान कशी ठरतील?