डुकरांचा ताप : उपायाआधी विषाणूची ओळख हवी

अहिल्यानगर, (प्रतिनिधी) - २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाने राज्यातील गोठे ग्रासले, तेव्हा शासकीय यंत्रणा खडबडून जागी झाली. जनावरांचे बाजार बंद झाले, लसीकरणाच्या मोहिमा निघाल्या. दुधावर अर्थकारण उभे असलेल्या नगर जिल्ह्यात ते स्वाभाविकच होते. डुकरांच्या वाट्याला मात्र एवढे लक्ष क्वचितच येते. उकिरड्याजवळ दोन-चार डुकरे मेली, तर नगरपालिकेचा सफाई विभाग ती उचलतो आणि विषय तेथेच संपतो. रोगनियंत्रणाच्या दृष्टीने खरा धोका याच ठिकाणी आहे.

डुकरांना दोन भिन्न विषाणूंमुळे जवळपास सारखाच आजार होतो. एक पारंपरिक स्वाइन फीव्हर, दुसरा आफ्रिकन स्वाइन फीव्हर. तीव्र ताप, कानांवर व पोटावर लाल-निळसर चट्टे, अंतर्गत रक्तस्राव आणि काही दिवसांत मृत्यू ही लक्षणे दोहोंत आढळतात. अनुभवी पशुवैद्यकालाही केवळ पाहून निदान करता येत नाही. मात्र पहिला विषाणू आरएनए गटातील असून त्यावर भारतात लस उपलब्ध आहे; बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने पेशीसंवर्धनावर आधारित लसही विकसित केली आहे. दुसरा डीएनए गटातील आहे. त्याच्यावर ही लस निरुपयोगी ठरते आणि बाधित कळप नष्ट करण्यावाचून पर्याय उरत नाही. निदान चुकले, तर उपायही चुकतो.

ईशान्य भारताचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. २०२०च्या प्रारंभी आसाम व अरुणाचल प्रदेशात डुकरे मरू लागली. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचे निदान जाहीर झाले ते मे महिन्यात, भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेतील तपासणीनंतर. हा विषाणू जनुकीय प्रकार दोनचा निघाला. २००७ मध्ये जॉर्जियात आणि २०१८ मध्ये चीनमध्ये पोहोचलेला प्रकार हाच. २०१९च्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे ९१ लाख डुकरांपैकी २१ लाख एकट्या आसामात होती. निदान होईपर्यंतच्या काळात रोगाला पसरण्यास किती वाव मिळाला असेल, याची कल्पना यावरून येते.

विषाणूचे नाव कळले म्हणजे काम संपले, असेही नाही. प्रकार ठरविण्यासाठी प्रामुख्याने 'पी-७२' या प्रथिनाचे जनुक तपासले जाते. परंतु चीनमधील शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये प्रकार एक व दोन यांच्या संकरातून निर्माण झालेल्या विषाणूंची नोंद केली. केवळ हे एक जनुक पाहिले, तर ते प्रकार एक वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्या जनुकसंचाचा मोठा भाग प्रकार दोनचा असतो. प्रकार दोनपासून तयार केलेली प्रायोगिक लसही त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरली. त्यामुळे संपूर्ण जनुकसंचाची तपासणी ही प्रयोगशाळेची हौस नसून नियंत्रणाची गरज आहे.

नगरसारख्या जिल्ह्यातून नमुन्याचा प्रवास तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पुण्यातील औंधच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेकडे आणि संशयित आफ्रिकन स्वाइन फीव्हर असल्यास अखेरच्या शिक्कामोर्तबासाठी भोपाळकडे होतो. रक्त, प्लीहा, लसिका ग्रंथी यांचे नमुने बर्फात ठेवून पाठवावे लागतात. उन्हात दोन दिवस पडलेल्या मृतदेहातून हाती फारसे काही लागत नाही. म्हणजेच अत्याधुनिक यंत्रे भोपाळमध्ये असली, तरी साखळीतील पहिली कडी वस्तीवरचा पशुपालक हीच आहे.

त्याची अडचण वेगळी आहे. रोगाची माहिती देणे २००९च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्याने बंधनकारक आहे. पण निदान होताच एक किलोमीटर परिघातील डुकरे नष्ट होतात आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी लागू होते. नुकसानभरपाईचा भार केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. ती वेळेवर मिळेल याची खात्री नसेल, तर आजारी डुक्कर गुपचूप विकण्याचा मोह होणारच. मग विषाणू मांसातून, वाहनांतून आणि हॉटेलांच्या न उकळलेल्या खरकट्यातून पुढील गावी पोहोचतो. मोकाट डुकरांच्या बाबतीत तर मालक पुढे येण्याचीच वानवा.

नागरिकांनी घाबरण्याचे कारण नाही. हे दोन्ही आजार माणसाला होत नाहीत. २००९ मध्ये पुण्यात बळी घेणाऱ्या 'स्वाइन फ्लू'शी त्यांचा संबंध नाही. तो एच१एन१ इन्फ्लुएन्झा होता आणि माणसाकडून माणसाकडे पसरत होता. नावातील साम्यामुळे होणारी गल्लत दूर करणे हेही प्रशासनाचेच काम आहे.

आवश्यकता आहे ती साध्या व्यवस्थेची. मेलेल्या डुकराची विल्हेवाट लावण्यापूर्वी पशुसंवर्धन विभागाला कळविण्याची सक्ती नगरपालिकांवर असावी, तालुका पातळीवर नमुने घेण्याचे साहित्य सज्ज असावे आणि भरपाईला कालमर्यादा असावी. विषाणूचा जनुकसंच वाचणारे तज्ज्ञ देशात आहेत. त्यांच्या हाती नमुना वेळेत पडतो की नाही, यावरच पुढील साथीचा फैलाव अवलंबून राहील.