सेवा कोणाची?

कंबोडियाच्या खेड्यांतील अनाथाश्रमांत परदेशी तरुण सेवेसाठी जातात. मच्छरदाणी, विहिरीचे पाणी, दोन्ही वेळचा भात अंगवळणी पडतो न पडतो तोच परतीचा दिवस उजाडतो. त्यांनी सोसलेल्या गैरसोयीचे कौतुक होते. परंतु प्रत्येक पाहुण्याचा लळा लागून पुन्हा पोरके होणाऱ्या बालकाचे काय, असा आमचा सवाल आहे.

२००५ ते २०१० या काळात तेथील आश्रम ७५ टक्क्यांनी वाढले. त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात होते! दारिद्र्याने मुले धाडली, देणग्यांनी आश्रम पोसले. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अशा स्वयंसेवेतील धोक्याची दखल घेतली.

प्रवासखर्चाच्या त्या पैशाने एखाद्या मातेची चूल पेटती राहील. आई असलेल्या लेकराला अनाथ ठरवून केलेली सेवा आम्ही सेवा मानीत नाही.