लायनर फाटेपर्यंत थांबू नका

बजाजनगरात कुठल्याही पोराला विचारा, गाडीचं ऑइल किती किलोमीटरला बदलायचं? झोपेतून उठवलं तरी सांगेल. पण गंगापूर-वैजापूरकडच्या गोठ्यावर जाऊन विचारा, दूध काढायच्या मशीनचे लायनर कधी बदलले? उत्तर ठरलेलं: "अजून फाटले कुठेत?"

तुमचा धंदा इथंच आहे, आणि बहुतेक दुकानदार इथंच चुकतात, असं माझं मत आहे.

लायनर म्हणजे सडावर बसणारी रबरी नळी. पल्सेटर तिला मिनिटाला साधारण ६० वेळा उघडतो-मिटवतो. एका गायीची धार ६ मिनिटं चालली तरी ३६० वेळा. त्यात दुधातलं फॅट रबर शोषून घेतं, धुण्याचं गरम पाणी आणि केमिकल वेगळंच. रबराचा ताण जातो, आतून बारीक भेगा पडतात, त्यात जंतू बसतात. तिथला जंतू ब्रशला निघत नाही. लायनर नीट मिटला नाही की दूध सावकाश येतं, सडाचं टोक सुजतं, कासदाहाला वाट मोकळी. आणि बाहेरून नळी चांगलीच दिसते!

नायट्राइल रबराच्या लायनरचा सर्वसाधारण हिशेब २५०० धारा किंवा ६ महिने, जे आधी होईल ते. सिलिकॉनचे जास्त टिकतात, पण महाग. आता गणित करा. १० गायी, दोन वेळ, क्लस्टर एकच. रोज २० धारा. म्हणजे १२५ दिवस, चारच महिने!

सुरुवातीला मीही नुसतं मशीन विकायचो. एका गिऱ्हाइकाच्या दोन गायींना कासदाह झाला, ते दुकानात भांडायला आले. बघितलं तर लायनर दीड वर्षाचे. पण बदलायचं मी सांगितलंच नव्हतं, चूक माझी. तेव्हापासून वही ठेवली: गायी किती, लायनर कधी बसवले, पुढची तारीख. फोन मीच करतो, आणि चारही एकदम बदलायला लावतो.

"ही माल खपवायची युक्ती," असं काही जण म्हणतात. असेल ना! मलाही चार पैसे मिळतात, लपवायचं कशाला? पण फेकलेलं दूध आणि डॉक्टरचं बिल लायनरच्या सेटपेक्षा जड जातं.

दुकान टाकणार असाल तर मशीनच्या आधी त्याच मॉडेलचे लायनर स्टॉकला ठेवा. फक्त शोसाठी दारात उन्हात टांगू नका, रबर तिथंच म्हातारं होतं.