आधी दादाला तपासा

गेल्या दिवाळीत शहाद्याला गेलो, तेव्हा काकू ओट्यावर शेजारणीला सांगत होती, ‘तिनं आंगच नवराले मानत नही.’ ती म्हणजे वहिनी. लग्नाला चार वर्षं झाली, दिवस राहिलेले नाहीत. सुरतेच्या एका डॉक्टरने ‘इम्यून प्रॉब्लेम’ म्हटलं, त्याचं घरात झालेलं हे भाषांतर. वांझ म्हणायला आता लाज वाटते. विज्ञानाचा शब्द हाती लागला की तेच ओट्यावर बसून बोलता येतं.

वहिनीच्या रक्ताच्या तपासण्यांची फाइल जाड झालीय. दादाची साधी वीर्यतपासणीही नाही! कोड चालत नसताना अर्धाच कोड तपासणाऱ्याला आम्ही टीममध्ये ठेवत नाही.

आता शरीरशास्त्र बघा. शुक्रजंतू तयार होतात वयात आल्यावर. तोवर शरीराची प्रतिकारशक्ती आपलं-परकं शिकून बसलेली असते. म्हणून वृषणात शुक्रजंतूंना रक्तापासून वेगळं ठेवणारी भिंत असते. मार, संसर्ग, नसबंदी, कधी हर्नियाचं ऑपरेशन यांनी ती फुटली, तर पुरुषाचंच शरीर स्वतःच्या शुक्रजंतूंविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतं. मग ते एकमेकांना चिकटतात, पुढे सरकत नाहीत. बाईच्या शरीरातही अशा अँटिबॉडी सापडतात, पण म्हणून फक्त तिलाच तपासायचं? दादाला अकरावीत क्रिकेटचा बॉल लागून आठवडाभर सूज होती. घरात सगळ्यांना आठवतं. डॉक्टरने विचारलंच नाही.

वारंवार गर्भपात होणं ही वेगळी गोष्ट. तिथे अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी हे खरं, सिद्ध कारण आहे. तपासणी बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करतात आणि उपचार अॅस्पिरिन-हेपॅरिनचा. परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत यावर वर्षानुवर्षं काम झालंय.

वहिनीपुढे मात्र ठेवली गेली नवऱ्याच्या पांढऱ्या पेशींची इंजेक्शनं. वारंवारच्या गर्भपातांवरही त्यांचा उपयोग होत नाही, हे ‘लॅन्सेट’मधल्या चाचणीत 1999 सालीच दिसलं. 2002 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने संशोधनाबाहेर ती द्यायला मनाई केली. आणि इथे, एकदाही दिवस न राहिलेल्या बाईला, कापसाच्या पैशांतून ती घ्या म्हणतात.

मागच्या महिन्यात दादा तपासणीला गेला. रिपोर्ट काय आला ते लिहिणार नाही, तो त्या दोघांचा आहे. काकू अजून वहिनीचीच फाइल मागते.