गाडीची वेळ, गोळीची वेळ

गेल्या पावसाळ्यात पेणच्या माझ्या दवाखान्यात घडलेला प्रसंग सांगतो. सकाळी साडेदहाच्या सुमारास बाकावर बसलेल्या एक आजी एकाएकी घामाने डबडबल्या, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. रक्तातील साखर पन्नासच्याही खाली उतरली होती. ग्लुकोज दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत त्या सावरल्या. उपाशीपोटी रक्त द्यायचे म्हणून त्या काही न खाता पहाटेच्या मुक्कामी एस.टी.ने निघाल्या होत्या. मधुमेहाची गोळी मात्र घेतली होती. “डॉक्टर, गोळी चुकवायची नाही असं तुम्हीच सांगितलंत ना?” त्या म्हणाल्या. चूक माझीच होती. गोळीची वेळ लिहून देताना त्यांच्या गाडीची वेळ मी विचारली नव्हती.

पेण आणि रोहा तालुक्यांत रेल्वे आहे. दिवा-रोहा मार्ग पेण, नागोठणे करीत रोह्यास पोहोचतो आणि तेथून कोकण रेल्वे सुरू होते. परंतु डोंगरातील वाड्यांपर्यंत रूळ जात नाहीत. तेथील रुग्णाला पेण, रोहा किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत आणते ती एस.टी., नाहीतर खचाखच भरलेली मिनिडोर.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एस.टी.चा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. संपाच्या बऱ्यावाईटाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मला दिसले ते एवढेच, की रक्तदाबाचे कित्येक रुग्ण त्या महिन्यांत दिसेनासे झाले. पुढे आले तेव्हा कोणी एक दिवसाआड गोळी घेत होते, तर कोणी शेजाऱ्याच्या गोळ्यांवर भागवले होते. तेव्हापासून स्थिर प्रकृतीच्या रुग्णास मी एका महिन्याऐवजी दोन महिन्यांची औषधे लिहून देतो. आपणही आपल्या डॉक्टरांकडे तशी मागणी करावी; त्यात संकोच नको.

सवलतींचा परिणाम मात्र सुखद आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे. पूर्वी मुलाला सवड मिळेपर्यंत दुखणे अंगावर काढणाऱ्या स्त्रिया आता स्वतःच्या बळावर येतात. माझ्या मते हा आरोग्यावरचाच खर्च होय. अर्थात, गाडी आली तर!

आता प्रवासाविषयी. तपासणीसाठी उपाशी येणार असाल, तर मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन त्या सकाळी केव्हा घ्यावे हे आदल्या भेटीतच विचारून ठेवा. बहुधा रक्त दिल्यावर, न्याहारीबरोबर, असेच उत्तर मिळेल. डबा आणि साखरेची पुडी सोबत असू द्या. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीसाठी तर उपाशी राहावेच लागत नाही. रक्तदाबाची गोळी सहसा घोटभर पाण्याबरोबर घेऊनच निघावे. अनेक स्त्रिया वाटेत लघवीची सोय नाही म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात आणि लघवी वाढवणारी गोळी परस्पर टाळतात. त्यांचा दोष नाही. आपल्या स्थानकांवरील स्वच्छतागृहांची अवस्था कोणास ठाऊक नाही? परंतु त्यापायी मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग ओढवतो, पायांवर सूज चढते. ती गोळी घरी परतल्यावर घेता येईल का, हे विचारा. पुष्कळदा येते.

एका बाबतीत मात्र गाडीची वाट पाहूच नका. तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, वाचा अडखळली, छातीत दडपण आले किंवा सर्पदंश झाला, तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. “सकाळच्या गाडीने नेऊ” म्हणून रात्र काढलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांतील एक गृहस्थ आजही काठीच्या आधाराने येतात.

आजींच्या केसपेपरवर आता नावाशेजारी गाडीची वेळ लिहिलेली असते. आल्याबरोबर त्यांचे रक्त घेतले जाते, मग ओसरीवर बसून त्या भाकरी खातात, गोळी घेतात आणि साडेबाराची परतीची गाडी गाठतात. रोह्याच्या दवाखान्यातही मी आता हाच शिरस्ता ठेवला आहे.