फरशी हलते ती खालून

आपल्या भागात शेणाने सारवलेली अंगणे कमी होत गेली आणि त्यांच्या जागी शहाबादी फरशी आली. यात वावगे काही नाही. ज्वारी वाळत घालायला, तुरी बडवायला, चार पाहुणे बसवायला फरशीसारखी सोय नाही. तक्रार आहे ती एवढीच, की यातली बरीच अंगणे दोन पावसाळ्यांत डुगडुगू लागतात. पाय ठेवला की फरशी खडखडते, पावसात फटीतून चिखलाची पिचकारी धोतरावर उडते, आणि बोल लागतो दगडाला. "आता पहिल्यासारखा माल येत नाही हो," असे पारावर हमखास ऐकू येते.

हे काही खरे नाही. शहाबाद सोलापूरपासून लांब नाही. रायचूरकडे जाणाऱ्या रेल्वेने गेले की कलबुर्गीच्या पुढे आणि वाडी जंक्शनच्या अलीकडे ते लागते. तिथला चुनखडीचा दगड थराथराने निघतो, म्हणून त्याच्या फरश्या होतात. उखडलेल्या अंगणातली फरशी उचलून बघा, दहांतल्या नऊ धडधाकट सापडतील. बिघडते ते त्यांच्या खाली.

ज्या काळ्या रानाने मंगळवेढ्याची ज्वारी नावारूपाला आणली, तेच रान घराखाली आले की वैरी होते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. वैशाखात आपल्या रानात हात जाईल एवढी भेग पडते, हे सभासदांना सांगायला नको. सारवलेले अंगण मातीबरोबर हलायचे. भेग पडली की घरातल्या बाया आठ दिवसांनी पुन्हा सारवायच्या, काम भागायचे. फरशीला ते जमत नाही. त्यात १९८० साली उजनी धरण पुरे झाले, पुढे कालव्याचे पाणी आले, ऊस पुष्कळ ठिकाणी घराच्या भिंतीपर्यंत आला. एका अंगाला बारमाही ओल आणि दुसऱ्या अंगाला कोरडी ठणठणीत जमीन, मग फरशी एका बाजूने उचलणारच.

दुसरी गोष्ट आपल्या घाईची. उसाचे बिल हातात येते, घरात लग्न निघते, आणि मांडव पडायच्या आधी आठ दिवस गवंडी शोधायची धावपळ होते. भर वैशाखात, भेगाळलेल्या जमिनीवर, दोन पाट्या वाळू पसरून, फरशीच्या चार कोपऱ्यांना मालाचे चार गोळे ठेवून काम उरकले जाते. वरून दिसायला झकास. मध्ये मात्र पोकळ. काठीने ठोकून पाहा, भरीव फरशी बद्द वाजते आणि पोकळ फरशी डब्यासारखी वाजते. अशा पोकळीवर भरलेले पोते आपटले की फरशी तडकते, नाहीतर गोळा फुटून ती झुलायला लागते.

मग पुन्हा तोच गवंडी येतो आणि म्हणतो, "मालक, वरनं शिमिटाचा घोळ वतू, हलायचं नाव घेणार नाही बघा." माझे स्पष्ट मत आहे की हा घोळ म्हणजे पैसे मातीत घालणे होय. सांध्यात ओतलेले सिमेंट वरच्या बोटभर जागेत अडकते, खालची पोकळी तशीच राहते, आणि पहिल्या उन्हाळ्यात सांधा पुन्हा सुटतो. त्या पोकळीत पाणी मुरते, ते भिंतीच्या पायाला जाते. शिवाय आपल्याकडे अशा फटीत विंचू राहतो, आणि अंगणात रात्री अनवाणी चालणारी म्हातारी माणसे व लहान पोरे असतात. हा प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही.

एक-दोनच फरश्या हलत असतील तर तेवढ्याच पहारीने, खाली लाकडाचा तुकडा घेऊन, अलगद उचलाव्यात आणि नव्या मालावर पूर्ण टेकवून बसवाव्यात. पण ओळच्या ओळ खचली असेल तर आधी मोरीचा पाइप गळतो का ते पाहावे. तो गळत असेल तर बाकी सगळे काम फुकट आहे. पाइप ठीक असेल तर मन घट्ट करून सगळे उचलावे. कोळशाने फरश्यांवर नंबर टाकावेत. काळी माती निदान फूटभर काढावी आणि मुरूम दोन थरांत भरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने ठोकावे. थर ठोकताना मालकाने जातीने उभे राहावे, कारण नंतर ते कोणाला दिसत नाही. वर एकास सहाचा माल सगळीकडे सारखा पसरून फरशी पाठभर टेकवावी. दहा फुटांना दोन इंच ढाळ भिंतीपासून बाहेर द्यावा. सात दिवस ओली पोती टाकून ठेवावीत आणि तोवर मोटारसायकलसुद्धा आत घेऊ नये. ट्रॅक्टरचे तर नावच नको, इंचभराची फरशी त्यासाठी नाही.

याला खर्च येतो, हे कबूल. फरशी तीच राहते, मजुरी आणि मुरूम तेवढा वाढतो. काही जण म्हणतील, त्यापेक्षा वरूनच नवे ब्लॉक टाकू. टाका, पण खालची माती तीच राहिली तर ब्लॉकही दोन वर्षांत लाटा घेतील. सगळे अंगण फरशीने मढवायलाच हवे असेही नाही. तुळशीभोवती आणि झाडाच्या बुंध्याला माती मोकळी ठेवली तर काही बिघडत नाही.

कामाला वेळ पाऊस उघडल्यावरची, जमीन ना चिखल ना भेगाळ अशी असते तेव्हाची. मुरूम मात्र त्याआधी, गौण खनिजाची पावती घेऊन, दारात पडलेला बरा. गळीत सुरू होऊन ट्रॉल्या एकदा उसाला लागल्या की मुरमाची एक खेप टाकायला कोणी येत नाही.